चिठ्ठी वाचणाऱ्याची परीक्षा



मी इंग्रजीचा अध्यापक. औषधांशी माझा संबंध फार तर गिऱ्हाईक म्हणून. तेव्हा औषधनिर्माणशास्त्राच्या पदविकेची परीक्षा, म्हणजे आपण सगळे जिला डी. फार्मसी म्हणतो तिची परीक्षा, या विषयावर हा गृहस्थ काय बोलणार, अशी शंका आपल्याला आली तर ती रास्तच आहे. पण गेली काही वर्षे संध्याकाळी माझ्या ओसरीवर तीन-चार मुले-मुली बसलेली असतात. कोणी खटावकडचा, कोणी जतची, कोणी पलूसचा. दहावीपर्यंतचे शिक्षण मराठीत झालेले. बारावी सायन्सला पुस्तक इंग्रजी, पण समजावून सांगणे मराठीत, त्यामुळे तीही वर्षे कशीबशी निभावलेली. डी. फार्मसीला आल्यावर मात्र पुस्तक इंग्रजी, प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि शब्द तर असे की त्यातले निम्मे मलाही कोशात पाहावे लागतात. ही मुले माझ्याकडे इंग्रजीसाठी येतात. त्यांना शिकवता शिकवता जे माझ्या ध्यानात आले, तेवढेच आज आपल्यापुढे ठेवणार आहे.

त्याआधी घरचीच एक गोष्ट सांगतो.

माझी मावशी माण तालुक्यात राहते. वय पासष्टच्या पुढे. सांधेवाताने बोटे वाकडी झालेली. शहरातल्या डॉक्टरांनी तिला मेथोट्रेक्सेट नावाची गोळी लिहून दिली. ही गोळी सांधेवातावर आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. तिच्या जोडीला फॉलिक ॲसिडची दुसरी गोळी असते, ती इतर दिवशी. चिठ्ठीवर हे सगळे इंग्रजीत बरोबर लिहिलेले होते, मी ती चिठ्ठी नंतर डोळ्यांनी पाहिली आहे. मावशीने औषध एका दुकानातून घेतले. काउंटरवरच्या मुलाने दोन्ही पाकिटांवर पेनाने सकाळची एक अशी खूण केली आणि सांगितले, "आजी, दोन्हीतली एकेक, रोज सकाळी."

मावशी आज्ञाधारक. तिने नऊ दिवस रोज गोळी घेतली. नवव्या दिवशी तोंड आतून सोलल्यासारखे झाले. पाणी गिळवेना. मी गेलो तेव्हा म्हणाली, "अरे, त्या पोरानं सांगितलं रोज एक, मी आपली घेत गेले." दवाखान्यात रक्त तपासले तर पांढऱ्या पेशी फार खाली गेल्या होत्या. पंधरा दिवस ती दवाखान्यात होती. सुदैवाने बरी झाली.

मी रागारागाने त्या दुकानात गेलो होतो. माझी समजूत अशी की काउंटरवर कोणीतरी अशिक्षित पोरगा बसवला असणार आणि पदविकेचे प्रमाणपत्र नुसते भिंतीला टांगलेले असणार. असे प्रकार होतात हे आपल्यालाही ठाऊक आहे. पण तसे नव्हते. तो मुलगा रीतसर पदविका घेतलेला, नोंदणी झालेला, चांगल्या गुणांनी पास झालेला होता. माझे बोलणे ऐकून त्याचा चेहरा उतरला. थोड्या वेळाने तो हळू आवाजात म्हणाला, "सर, पेपरात आलं असतं तर मी बरोबर लिहिलं असतं. मेथोट्रेक्सेट, आठवड्यातून एकदा. मला पाठ होतं."

श्रोतेहो, हे वाक्य माझ्या मनातून जात नाही. तो खोटे बोलत नव्हता. त्याला उत्तर येत होते. फक्त ते उत्तर प्रश्नपत्रिकेसाठी ठेवलेले होते, माझ्या मावशीसाठी नव्हते. तेव्हापासून माझ्या ओसरीवर येणाऱ्या मुलांना मी एकच नियम घालून दिला आहे. पुस्तकातला कोणताही प्रश्न वाचताना समोर एक माणूस उभा करायचा. हे मी काही उपदेश म्हणून सांगत नाही. परीक्षेत गुण मिळवण्याचा हाच सोपा मार्ग आहे असे मला दिसून आले आहे, आणि ते कसे ते आता सांगतो.

प्रथम ही परीक्षा आहे कशी, ते पालकांसाठी थोडक्यात. आपल्याकडे औषध देणाऱ्याने शिकलेले आणि नोंदलेले असावे, हा कायदा १९४८ सालचा, फार्मसी ॲक्ट. त्याआधी आणि नंतरही पुष्कळ वर्षे आपल्या खेड्यांत डॉक्टरांचा कंपौंडरच सर्व पाहत असे. आता बारावी सायन्सनंतर दोन वर्षांची पदविका, आणि तिच्यापुढे किमान पाचशे तासांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण. पैकी निदान अडीचशे तास चिठ्ठीप्रमाणे औषध देण्याच्या कामात गेले पाहिजेत, असा नियम आहे. महाराष्ट्रात पदविकेची परीक्षा राज्याचे तंत्रशिक्षण मंडळ घेते. शिवाय फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाने २०२२ साली पदविकेनंतरच्या आणखी एका परीक्षेचे नियम केले आणि त्याप्रमाणे पहिली परीक्षा ऑक्टोबर २०२४ मध्ये झाली. तीन पेपर, पर्याय निवडायचे प्रश्न, भाषा इंग्रजी, प्रत्येक पेपरात निम्मे गुण, आणि तिन्ही पेपर एकाच खेपेस सुटले पाहिजेत अशी त्या नियमांची रचना आहे. मंडळाच्या परीक्षेत शंभरात चाळीस गुणांवर पास होण्याची सवय लागलेल्या मुलाला हे पन्नास जड वाटतात.

मुलांनो, अशा पर्यायी प्रश्नांची तुम्ही कशी तयारी करता ते मी पाहतो. बाजारात प्रश्नांची जाडजूड गाईडे मिळतात. पाच हजार प्रश्न, खाली उत्तरे. एक वाचतो, दुसरा क, ब, ड अशी अक्षरे म्हणतो. हा पाढेच म्हणण्याचा प्रकार झाला. पाढे उपयोगी पडतात, नाही असे नाही, पण पर्यायांचा क्रम बदलला की पाढा मोडतो. मी त्यांना सांगतो, गाईड ठेवा, पण उत्तर झाकून प्रश्न मराठीत एकमेकांना सांगा. ज्याला प्रश्न स्वतःच्या बोलीत सांगता येत नाही, त्याला तो समजलेला नाही, एवढे खुशाल समजावे.

आता माझा प्रांत, इंग्रजी. या मुलांना इंग्रजी व्याकरण फारसे अडवत नाही, त्यांना अडवतात नावे. आमच्याकडे औषधांच्या नावांची यादी घेऊन पहिल्यांदा आलेला मुलगा रडवेला झाला होता. मी त्याला विचारले, "तुझ्या वर्गात कऱ्हाडकर, औंधकर, तासगावकर आहेत ना? त्यांचे गाव तुला पाठ करावे लागते का?" तो हसला. औषधांच्या मूळ नावांचेही तसेच आहे. ही नावे कंपनीची नसतात. जागतिक आरोग्य संघटना ती ठरवते, आणि अशी पहिली यादी १९५३ साली निघाली. त्या नावांच्या शेवटाला घराणे कळते. ॲटेनोलॉल, मेटोप्रोलॉल, प्रोप्रॅनोलॉल, शेवटी 'ओलॉल' आले की हृदयाचे ठोके आणि रक्तदाब आवरणारे घराणे. एनालाप्रिल, रॅमिप्रिल, शेवटी 'प्रिल', हे रक्तदाबाचे दुसरे घराणे, आणि यांनी कित्येकांना कोरडा खोकला सुरू होतो. ॲटोर्व्हास्टॅटिन, रोसुव्हास्टॅटिन, शेवटी 'स्टॅटिन', हे रक्तातले कोलेस्टेरॉल कमी करणारे. शंभर नावांऐवजी दहा-बारा घराणी लक्षात ठेवायची.

मात्र आडनावावरून फसगतही होते. आपल्याकडे एकाच आडनावाची दोन घरे असतात आणि त्यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो, तसेच इथे. ओमेप्रॅझोल आणि फ्लुकोनॅझोल, दोघांच्या शेवटी 'अझोल' ऐकू येते. पहिले पोटातले आम्ल कमी करते, दुसरे बुरशीवर चालते. तेव्हा शेवट जरा लांबून वाचावा, 'प्रॅझोल' वेगळा, 'कोनॅझोल' वेगळा. हायड्रॉक्सिझिन आणि हायड्रालाझिन ही जोडी तर जगभर कुप्रसिद्ध आहे. एक खाज थांबवते, एक रक्तदाब उतरवते. घाईघाईच्या अक्षरात दोन्ही सारखीच दिसतात. ही जोडी गाईडात एका ओळीचा प्रश्न असते. पण खाजेसाठी आलेल्या म्हाताऱ्याला रक्तदाब उतरवणारी गोळी गेली आणि तो उठताना चक्कर येऊन पडला, असे चित्र एकदा डोळ्यांपुढे आणले की ती जोडी जन्मात विसरत नाही.

तसेच 'हायपो' आणि 'हायपर'. ग्रीक भाषेतले हे दोन शब्द, खाली आणि वर. आपली मुले दोन्हीचा उच्चार घाईत सारखाच करतात. मी त्यांना दटावतो, कारण साखर खाली गेलेला माणूस आणि साखर वर गेलेला माणूस यांचे उपचार एकमेकांच्या अगदी उलट आहेत.

डॉक्टरांच्या चिठ्ठीवरची अक्षरे लॅटिन. बी.डी. म्हणजे दिवसातून दोनदा, टी.डी.एस. म्हणजे तीनदा, एच.एस. म्हणजे झोपताना, एस.ओ.एस. म्हणजे गरज पडली तर. ए.सी. जेवणाआधी, पी.सी. जेवणानंतर. ही सगळी पाठ करावीतच, त्याला इलाज नाही. त्यात ओ.डी. हे अक्षर फार लबाड. गोळीपुढे ते असेल तर दिवसातून एकदा, आणि डोळ्यांच्या थेंबांपुढे असेल तर उजवा डोळा! परीक्षकांना हा प्रश्न आवडतो. पण परीक्षकांचे सोडा. मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेली बाई थेंब कोणत्या डोळ्यात घालायचे म्हणून तुमच्याकडे पाहते, तेव्हा शंका आली तर डॉक्टरांना फोन करून विचारायची लाज वाटता कामा नये. फोन करणे हे अडाणीपणाचे लक्षण आहे अशी एक समजूत या धंद्यात शिरली आहे. ती कुठून आली कोण जाणे.

आता गणित. इथे मला शाळेतल्या शिक्षक बंधुभगिनींशी दोन शब्द बोलायचे आहेत. डी. फार्मसीत नापास होणारी मुले रसायनात अडतात असे आपल्याला वाटते. माझ्या ओसरीवरचा अनुभव असा की ती सातवीच्या गणितात अडतात. प्रमाण, शेकडेवारी, दशांश चिन्ह आणि मिलिग्रॅम-मायक्रोग्रॅम. थायरॉइडची गोळी ०.०२५ मिलिग्रॅमची की २५ मायक्रोग्रॅमची, असे विचारले की वर्गात शांतता पसरते. दोन्ही एकच आहेत, हजाराने गुणायचे.

पलूसकडच्या त्या मुलाची गंमत सांगतो. पुस्तकात उदाहरण होते. नव्वद टक्के आणि साठ टक्के तीव्रतेचे अल्कोहोल मिसळून सत्तर टक्क्यांचे करायचे आहे, कोणते किती घ्यावे? याला इंग्रजीत ॲलिगेशन म्हणतात. हा शब्द पाहूनच त्याने वही मिटली. त्याच्या घरी दोन म्हशी आणि एक गाय. मी विचारले, "तुझ्या घरच्या म्हशीच्या दुधाला फॅट किती लागते?" म्हणाला, "सात." "गाईच्या?" "चार." "दोन्ही मिसळून पाच फॅटचे दूध करायचे, तर?" त्याने क्षणभर वर पाहिले आणि म्हणाला, "म्हशीचं एक लिटर, गाईचं दोन." कसे केलेस म्हटले तर त्याला सांगता येईना. "येतं ओ सर, रोज डेअरीला जातो की." मग आम्ही कागदावर मांडले. सातातून पाच गेले दोन, ते गाईचे भाग. पाचातून चार गेला एक, तो म्हशीचा भाग. आता अल्कोहोल. नव्वदातून सत्तर गेले वीस, ते साठवाल्याचे. सत्तरातून साठ गेले दहा, ते नव्वदवाल्याचे. म्हणजे एकास दोन, दुधाचेच उत्तर! तो मुलगा त्या दिवशी माझ्या ओसरीवरून उडत गेला असे म्हटले तरी चालेल. गुरुजनहो, आपल्या शाळांत डेअरीच्या फॅटचा तक्ता फळ्यावर लिहून हे गणित शिकवले तर पुढे त्यातून किती फार्मासिस्ट सुटतील!

लहान मुलांच्या औषधाचे गणित मात्र गमतीचे नाही. पॅरासिटामॉलचे पातळ औषध दोन-तीन प्रकारांत मिळते. एका बाटलीत दर पाच मिलिलीटरला १२५ मिलिग्रॅम, दुसरीत पाच मिलिलीटरला २५०, आणि काही थेंबांच्या बाटल्यांत एकाच मिलिलीटरला १००. समजा दहा किलो वजनाच्या बाळाला डॉक्टरांनी दर किलोला पंधरा, म्हणजे १५० मिलिग्रॅम सांगितले. पहिल्या बाटलीतून सहा मिलिलीटर, दुसरीतून तीन, तिसरीतून फक्त दीड. आता घरी मोठ्या भावाची जुनी बाटली संपली म्हणून आईने ही थेंबांची बाटली नेली आणि सवयीप्रमाणे पाच मिलिलीटरचा चमचा भरून पाजला, तर बाळाच्या पोटात ५०० मिलिग्रॅम गेले, तिपटीहून जास्त. हे गणित परीक्षेत दोन गुणांना येते. मी मुलांना ते तोंडी करायला लावतो आणि मग विचारतो, "त्या आईला हे मराठीत कसे सांगशील? तिला मिलिलीटर कळत नाही असे धर." जतची मुलगी म्हणाली, "मी बाटलीबरोबरचं माप काढून त्यावर रेघ मारून दाखवीन." तिला मी त्या दिवशी पैकीच्या पैकी गुण दिले.

यावरून माझ्या आजोबांच्या तोंडची एक आठवण. पूर्वी कंपौंडर मिक्श्चरच्या बाटलीला कागदाची पट्टी चिकटवत असे, कातरीने खाचा पाडलेली. एका वेळी एका खाचेइतके औषध घ्यायचे. अक्षरओळख नसलेल्या माणसालाही आजचे किती घेतले आणि किती उरले हे बाटलीकडे पाहून कळे. त्या कंपौंडरला पदविका नव्हती, औषधाच्या चांगल्या-वाइटाचे शास्त्रही त्याला बेताचेच ठाऊक असेल. ते दिवस परत यावेत असे मी म्हणणार नाही. पण ती कातरलेली पट्टी मात्र चमकदार पाकिटांच्या जमान्यात हरवली, याचे वाईट वाटते.

औषधी वनस्पतींचा विषय मुलांना कोरडा वाटतो, कारण त्यात पुन्हा लॅटिन नावे. खरे पाहता सांगली-साताऱ्याच्या मुलाइतका या विषयाला जवळचा दुसरा कोण? सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. पेठेत पोती पाहत ही मुले मोठी होतात, आणि वहीत लिहितात, हळद, कुर्कुमा लाँगा, कुळ झिंजिबरेसी, उपयोगी भाग जमिनीतला कंद, क्षाराबरोबर लाल-तपकिरी रंग. ही शेवटची कसोटी त्यांना काही केल्या आठवत नाही. मग मी विचारतो, पाय मुरगळला की आजी काय लावते? हळद आणि चुना. लेप कोणत्या रंगाचा होतो? लाल! आले हळदीच्याच कुळातले, दोन्हींची पाने चुरगाळून पाहावीत. कुंपणावरच्या सदाफुलीपासून रक्ताच्या कर्करोगावरचे व्हिन्क्रिस्टिन मिळते. अडुळशातल्या व्हॅसिसीनवरूनच खोकल्याचे ब्रोमहेक्झिन तयार झाले. उकिरड्यावरचा धोतरा विषारी खरा, पण त्याच्याच कुळातल्या वनस्पतींतून ॲट्रोपिन निघते आणि कीटकनाशक पोटात गेलेल्या शेतकऱ्याला दवाखान्यात तेच टोचतात. रविवारी घरी गेलात की बांधावरून एक फेरी मारा. अर्धा धडा तिथेच होतो.

कायद्याचा भाग पाठांतराचाच आहे, त्यावर फार बोलत नाही. एकच सांगतो. क्षयरोगाची औषधे आणि काही जहाल प्रतिजैविके यांची एक वेगळी यादी आहे, एच-वन. मार्च २०१४ पासून ती लागू झाली. ही औषधे चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत आणि दिली की रोग्याचे, डॉक्टरांचे नाव वहीत लिहून ती वही तीन वर्षे जपायची. मुले हे लिहून मोकळी होतात. पण ही यादी का झाली, हे विचारले तर गप्प. थोडे बरे वाटले की औषध सोडायचे, पुन्हा ताप आला की उरलेल्या दोन गोळ्या घ्यायच्या, असे आपण सगळेच करतो. त्यातून जंतू निर्ढावतात आणि मग औषध लागू पडत नाही. ही कथा कळली की यादीतली नावे तर्काने सांगता येतात.

आता त्या पाचशे तासांबद्दल, आणि इथे मी थोडे कडक बोलणार आहे. ओळखीच्या दुकानदाराची सही-शिक्का घेऊन हे तास कागदावर पुरे करणारी मुले मला माहीत आहेत. त्यांचे पालकही यात सामील असतात. "तेवढ्यात शेतीची कामं उरकतील," असे म्हणणारे. मला त्यांच्या अडचणी दिसतात. तरीही सांगतो, या परीक्षेची खरी तयारी याच पाचशे तासांत होते. मिरजेचे उदाहरण घ्या. डॉ. विल्यम वानलेस यांनी गेल्या शतकाच्या आधीच तिथे रुग्णालय उभे केले आणि तेव्हापासून मिरज हे दवाखान्यांचे गाव झाले. कर्नाटकातून रोगी येतात. तिथल्या औषधाच्या दुकानात एक तास उभे राहिलात तर इंग्रजी चिठ्ठी, मराठी मालक आणि कानडी म्हातारी अशा तीन भाषा एका काउंटरवर भेटतात. इन्सुलिन फ्रीजमध्ये दोन ते आठ अंशांत ठेवायचे हे पुस्तकात असते. पण ते बर्फाच्या कप्प्यात ठेवून गोठले तर फेकून द्यावे लागते, आणि वीज जाणाऱ्या गावच्या माणसाने ते घरी कसे न्यावे, हे त्या म्हातारीच्या प्रश्नामुळेच डोक्यात शिरते. त्या रात्री पुस्तक उघडा, तोच धडा वेगळा वाटेल.

अभ्यासाच्या वेळेबद्दल मुले विचारतात. पहाटे चारला उठावे की रात्री जागावे? मला त्यात काही तत्त्व दिसत नाही. ज्याच्या खोलीवर सहाजण राहतात त्याने शांतता असेल तेव्हा वाचावे. मात्र आठवड्यातून दोनदा तरी तिघांनी मिळून बसावे. एकाने रोगी व्हावे, एकाने चिठ्ठी लिहावी, तिसऱ्याने औषध द्यावे. रोग्याने खूप प्रश्न विचारावेत, खेड्यातली माणसे विचारतात तसे. "चहाबरोबर घेतली तर चालंल का?" "उपवास हाय, मग?" "शेजारणीला पण हेच दुखतंय, तिला देऊ का?" यातला एकही प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा नाही, हे तुमच्याच ध्यानात येईल. आमच्या ओसरीवर हा खेळ चालतो तेव्हा माझी बायको स्वयंपाकघरातून रोगी होऊन प्रश्न टाकते आणि बहुतेक वेळा तीच जिंकते.

मावशी आता बरी आहे. तीच गोळी तिला पुन्हा, रक्त तपासत तपासत, सुरू करावी लागली. दिवाळीनंतर ती आमच्याकडे राहायला आली होती. संध्याकाळी ओसरीवर मुले बसली होती आणि जतच्या त्या मुलीच्या हातात मेथोट्रेक्सेटचाच धडा होता. मी मावशीकडे बोट करून म्हटले, "हा बघ तुझा प्रश्न, समोर बसलाय." मुलगी गोंधळली. मग वही बाजूला ठेवून मावशीजवळ जाऊन बसली. पाकिटे हातात घेतली, दोन्ही उलटसुलट वाचली आणि विचारले, "आजी, तुमच्या गावचा बाजार कोणत्या वारी असतो?"

मावशीने वार सांगितला.

"मग ही पिवळी गोळी बाजारादिवशीच. बाजार झाला की घ्यायची. बाजार नाही तर गोळी नाही." असे म्हणून तिने पाकिटावर पेनाने एक बाजाराची पिशवी काढली, आणि मावशीला म्हणाली, "आता तुम्ही मला सांगा बघू, ही कधी घ्यायची?"